गॅलरीतून काढलेला व्हिडिओ

नव्या पेठेतल्या त्या गल्लीत कुणाला दुचाकी आडवी लावायची झाली, तर तो आधी पुढंमागं बघतो आणि मग हळूच वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडं बघतो. गॅलरीत मंदाकिनीबाई खांबेटे उभ्या नसल्या तरच गाडी तिथं राहते. असल्या, तर वरून एकच वाक्य येतं, "रस्ता तीर्थरूपांचा आहे का?" आवाज जरासुद्धा चढलेला नसतो. गाडी निघते.

बाई एका विमा कंपनीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. दाव्याच्या कागदांवर एक सही कमी असली तरी कागद परत पाठवायच्या. समोर कुणाची विधवा रडत असली, तर तिला आधी पाणी द्यायच्या आणि मग परत पाठवायच्या. त्या कुणाशी वाईट वागायच्या नाहीत, नियमानं वागायच्या. निवृत्तीनंतर इतके सगळे नियम दोन खोल्यांत मावेनात, म्हणून त्यांनी ते खाली गल्लीत उतरवले.

पक्षपात मात्र त्यांनी कधी केला नाही. गणपतीचा मांडव हातभर पुढं आला की तक्रार, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधला की तक्रार, मंगल कार्यालयातला बँड वेळ संपल्यावर वाजला की तक्रार. एकदा तर सख्ख्या भाच्याच्या वरातीची केली होती. भाचा अजून बोलत नाही.

पेठेतल्या जागरूक नागरिकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. झेरॉक्सच्या दुकानाचा विश्वजीत तो चालवतो. ग्रुपवर चौकीतले एक साहेबही आहेत, आणि ते आहेत म्हणूनच बाकीचे आहेत. विश्वजीतचा नियम असा, की व्हिडिओ अर्ध्या मिनिटाच्या आत हवा, लांबलचक असला तर साहेब उघडतच नाहीत. मंदाकिनीबाईंचे व्हिडिओ नेहमी नियमात बसायचे. नको तो भाग कसा कापायचा, हे त्यांना दीपमालानं मागच्या गणपतीत शिकवलं होतं. व्हिडिओखाली त्या एकच ओळ लिहायच्या, पण ती वर्मी लागायची. मग अंगठे आणि टाळ्या यायच्या. खोटं कशाला बोला, त्या टाळ्यांची बाईंना चटक लागली होती.

दीपमाला म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीत कॉट घेऊन राहणारी मुलगी. वाशीम जिल्ह्यातली, वडील शाळेत शिपाई. सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करायला आलेली. दुसऱ्या कॉटवर नांदेडची प्रियदर्शनी, तीही त्याच परीक्षेची. बाईंनी दोघींना ठेवून घेताना सांगितलं होतं, "इथं तुमची आई नाही, मी आहे. गीझर बंद करायला शिका." दोघी पहिला महिनाभर टाचा उचलून चालायच्या. नंतर दीपमालाची भीड चेपली. संध्याकाळी ती यज्ञेश्वररावांना पेपर वाचून दाखवायला लागली. यज्ञेश्वरराव म्हणजे बाईंचे यजमान. अतिशय सौम्य माणूस, मोतीबिंदूमुळं त्यांना मथळ्यांपुढचं दिसत नव्हतं. तिचा चालू घडामोडींचा अभ्यास व्हायचा, त्यांचा वेळ जायचा. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर आधीचे काही दिवस डोळ्यात थेंब घालायचे होते. बाईंचा हात थरथरायचा, म्हणून तेही काम दीपमालानंच घेतलं.

त्याच सुमाराला परीक्षेची तारीख तिसऱ्यांदा पुढं गेली. पोरं चिडली आणि गल्लीच्या तोंडाशी जो चौक आहे, तिथं बसली. सकाळ-संध्याकाळ घोषणा. बस वळेना, रिक्षा आत येईना, शाळेच्या व्हॅनमधली पोरं रडकुंडीला आलेली.

"काय हो, तुम्हीही बसता का त्यात?" बाईंनी चहाच्या वेळी विचारलं. रागावल्या की त्या दीपमालाला अहोजाहो करत.

"हो न काकू. आधी आम्ही नदीपात्रात बसलो होतो. तीच जागा दिली होती आम्हाला. तिथं तीन दिवस कोणी आलंच नाही. एक म्हैस आली. चौकात बसलो, तर तासाभरात टीव्हीवाले आले."

"आम्हीही आंदोलनं केली आहेत म्हटलं. युनियनची मेंबर होते मी. कंपनीच्या दारात उभं राहून घोषणा द्यायचो. पण जेवणाच्या सुट्टीत. एका ग्राहकाला कधी ताटकळत ठेवलं नाही."

"मग मागण्या मान्य झाल्या का काकू?"

यज्ञेश्वररावांना चहाचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच.

"चहा प्या," त्या दीपमालाला म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यज्ञेश्वरराव इस्त्रीचा शर्ट घालून, उपाशीपोटी खुर्चीत बसले होते. दीपमाला त्यांच्या डोळ्यात थेंब घालून, "काका, घाबरू नका" म्हणून बाहेर पडली होती. सांगून ठेवलेली रिक्षा आली नाही. रिक्षावाल्यानं फोनवर सांगितलं, "चौकात अडकलोय, पुढं सोडत नाहीत, मागं जाता येत नाही." दुसरी कुठली गाडी मिळेना. दवाखान्यातून फोन आला, की उशीर झाला तर पुढच्या पेशंटला घ्यावं लागेल. यज्ञेश्वररावांना मधुमेह, पोटात काही नाही, त्यांचा चेहरा उतरायला लागला. "होईल गं, मंदा," ते म्हणाले, आणि ते असं म्हणाले की बाईंना अजूनच राग यायचा.

त्या तरातरा गॅलरीत गेल्या. तिथून चौक सगळा दिसतो. फोन काढला आणि व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. चेहरे ओळखू यावेत म्हणून झूम केलं. डोळ्यांवर लांबचा चष्मा, तो घालून फोनमधलं दिसायचं नाही, आणि जवळचा आत टेबलावर राहिलेला. पण चष्म्यावाचून काही अडलं नाही, कारण त्या बघतच नव्हत्या. त्यांच्या कानात दवाखान्यातल्या बाईचा आवाज होता. भरपूर चित्रण झालं. मग आत येऊन, रागाच्या भरात चष्मा न बदलताच, विश्वजीतच्या नियमाप्रमाणं सुरुवातीचा हलणारा तुकडा कापला, शेवटचा बराचसा कापला, आणि मधला तेवढा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "वृद्ध रुग्णांनी दवाखान्यात कसं जायचं? चेहरे स्पष्ट आहेत. कारवाई होणार की नाही?"

चेहरे त्यांनी स्वतः पाहिलेच नव्हते.

टाळ्या आल्या. साहेबांनी, जे सहसा काही लिहीत नसत, त्यांनी लिहिलं, "नोंद घेतली आहे." बाईंना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर धडधड आवाज झाला. दीपमाला. घामाघूम, ओढणी एका खांद्यावर. "काकू, चला, रिक्षा आणली. मागच्या बोळात उभी आहे. काकांना मी धरते."

दोघी मिळून त्यांना घेऊन गेल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या जागी दुसरा पेशंट आत गेला होता. नवी तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. परतताना रिक्षात दीपमालाच म्हणाली, "काकू, आमच्यामुळं झालं न हे."

"मग काय माझ्यामुळं?" बाई म्हणाल्या.

पोरगी रिक्षाबाहेर बघत बसली. रिक्षा कशी आणली, हे बाईंनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

पुढं काय झालं, तर आठवड्याभरात परीक्षेची तारीख जाहीर झाली आणि पोरं उठली. महिन्यानं यज्ञेश्वररावांचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. त्यांना पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा दिसायला लागल्या. दीपमालानं मात्र त्या सकाळचं ओझं टाकलं नाही. ऑपरेशननंतरचे थेंबही तीच घालायची, दिवसातून चार वेळा, त्यासाठी अभ्यासिकेतून उठून यायची. बाईंनी, तिचा अभ्यास बुडतोय म्हणून एकदा नको म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या काकू. तेवढंच." बाईंना ते आवडलं. पोरीला आपली चूक कळली, असं त्यांना वाटलं. त्यांनी शेजारणीला तसं सांगितलंसुद्धा.

दीपमाला परीक्षा पास झाली. यादीत तिचं नाव लागलं तेव्हा वाशीमहून वडिलांचा फोन आला. ते तिला यादीतलं नाव पुन्हा पुन्हा वाचायला सांगत होते. बाईंनी चितळ्यांकडून पेढे आणले आणि एक स्वतःच्या हातानं तिला भरवला. बाईंनी कुणाला काही भरवलेलं त्या घरात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. प्रियदर्शनी प्रतीक्षा यादीत होती, बरीच वर. तिलाही आशा होती.

मग चारित्र्य पडताळणी आली. नोकरीवर रुजू होण्याआधी पोलिसांकडून दाखला लागतो, की या व्यक्तीवर गुन्हा नाही. दीपमाला दुपारी हसत चौकीत गेली आणि संध्याकाळी आली ती सरळ स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसली.

"माझ्यावर केस आहे काकू."

"कसली केस?"

"रस्ता अडवल्याची. जमावबंदीचा आदेश मोडल्याची. सात जणांवर आहे. मला माहीतच नव्हतं. व्हिडिओतून चेहरे ओळखून नावं घातलीत. हे बघा न, चौकीतून पाठवून घेतला."

तिनं फोन पुढं केला. बाईंनी या वेळी जवळचा चष्मा लावलेला होता. चौक, गर्दी, रस्त्यावर बसलेली पोरं, थांबलेली बस. आणि बसच्या अगदी समोर, दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून ओरडणारी एक मुलगी. निळी ओढणी. चेहरा स्पष्ट होता.

"मी बस अडवत नव्हते काकू," दीपमाला म्हणाली. "म्हणजे, अडवत होते, पण काकांसाठी. तुमची ती रिक्षा बसच्या मागं अडकलेली होती न, रिक्षावाला तुमचंच नाव सांगत होता. बस मधेच पुढं सरकून राहिली होती, मग रिक्षाला वळायला जागाच राहत नव्हती. म्हणून मी पुढं जाऊन बसवाल्याला ओरडून सांगत होते, थांबा, रिक्षा निघू द्या. आमच्या पोरांना बाजूला केलं, रिक्षा वळवून मागच्या बोळात घेतली. पण ते यात नाहीच. व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो." तिनं डोळे पुसले. "कोणी काढला असेल? वरून काढलाय. त्या समोरच्या बँकेच्या गच्चीवरून असेल का?"

यज्ञेश्वरराव आतल्या खोलीतून ऐकत होते. आत्ता, या क्षणी सांगितलं असतं, तर सांगून झालं असतं.

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर लोकांच्या कागदांतल्या चुका काढणाऱ्या बाईनं, पोरीच्या डोळ्यांत बघून ते दोन शब्द म्हटले. आणि वर म्हणाल्या, "ऊठ, हातपाय धू. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी दीपमाला बाहेर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या फोनमधला मूळ व्हिडिओ शोधला. होता. न कापलेला, सगळा. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. जिथं त्यांनी कापलं होतं, त्याच्या पुढंच बसच्या मागून रिक्षाचं पिवळं टप दिसतं. दीपमाला बसवाल्याला हात जोडते, बसलेल्या पोरांना दंडाला धरून उठवते, रिक्षाच्या पुढं चालत तिला वाट काढून देते. सगळं होतं. कारवाई व्हावी म्हणून बाईंनी नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं. पोरगी त्यांच्याच नवऱ्याला दवाखान्यात पोहोचवायला धडपडत होती, आणि त्या वर उभ्या राहून तिच्यावर केस तयार करत होत्या. वर महिनोन्‌महिने तिनं अपराधी चेहऱ्यानं थेंब घातले, आणि त्यांनी ते घालून घेतले.

त्या नवऱ्याच्या समोर जाऊन बसल्या आणि सगळं सांगितलं. यज्ञेश्वररावांनी पेपर खाली ठेवला.

"तू तेव्हा गॅलरीत गेली होतीस, ते यासाठी?"

"तुमची वेळ टळत होती. मला काही सुचत नव्हतं."

"माझी वेळ टळली. तिचं काय काय टळतंय बघ." त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मंदा, तू सांगतेस की मी सांगू?" उभ्या संसारात त्यांनी बाईंना असं कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी दीपमालाला समोर बसवलं, फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तो व्हिडिओ मी काढला. मीच कापला. मीच ग्रुपवर टाकला. हा पूर्ण आहे. उद्या आपण हा चौकीत देऊ."

त्यांची अपेक्षा होती की पोरगी किंचाळेल. त्यांनी मनात ठरवलं होतं, जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. दीपमालानं व्हिडिओ लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग मागं घेऊन पुन्हा पाहिला. एका जागी बोटानं थांबवला.

"काकू, ही प्रियदर्शनी आहे."

रस्त्यावर मांडी घालून, हातात पुठ्ठ्याचा फलक धरून, अगदी पुढं. चेहरा स्पष्ट होता. कापलेल्या तुकड्यात ती आलीच नव्हती.

"तिचं नाव केसमध्ये नाही," दीपमाला म्हणाली. "हा दिला तर लागेल. अजून चार जण आहेत इथं. हा, हा, ही. यांचीही नावं नाहीत."

"ते मला माहीत नाही. तुझं नाव निघेल ना यातनं? तुझी नोकरी आहे ही, दीपमाला. तुझ्या वडिलांचा विचार कर."

"तिचेही वडील आहेत न काकू." तिनं फोन परत दिला. "तुमचा व्हिडिओ आहे. तुम्हीच ठरवा. मी हो म्हणणार नाही."

मागच्या खोलीत प्रियदर्शनी मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाई फोन हातात घेऊन बसून राहिल्या. एकीला सोडवायचं तर दुसरीला अडकवायचं, आणि दोन्ही पोरी आपल्याच छपराखाली जेवतात. यात नियम कोणता लावायचा, ते त्यांना कळेना. नियमानं तर पूर्ण व्हिडिओ द्यायला हवा होता. शेवटी त्यांनी तो पुसून टाकला. मग फोननं, कायमचा काढून टाकायचा का, असं पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा हो म्हटलं.

सकाळी त्या दीपमालाला घेऊन चौकीत गेल्या. ठेवणीतली कॉटनची साडी, ऑफिसला नेसायच्या तशी. टेबलामागं तनुजा नावाच्या उपनिरीक्षक होत्या. वयानं लहान, पण बोलायला नीटस. त्यांनी खुर्ची दिली.

"मी जबाब द्यायला आले आहे," बाई म्हणाल्या, आणि सगळं क्रमानं सांगितलं. व्हिडिओ मी काढला, का काढला, किती कापला, कापलेल्या भागात काय होतं. ही मुलगी माझ्या यजमानांसाठी रिक्षा काढत होती. तिचा दोष नाही, माझा आहे.

तनुजामॅडमनी ऐकून घेतलं. "चांगलं केलंत आलात ते. पूर्ण व्हिडिओ आणलाय?"

"नाही."

"घरी आहे?"

"नाही. फोनमध्ये जागा नव्हती. काढून टाकला." सरकारी कचेरीत बसून मंदाकिनीबाई खांबेटे पहिल्यांदा खोटं बोलल्या. शेजारी दीपमाला खाली मान घालून बसली होती.

"काकू," तनुजामॅडम म्हणाल्या, "माझी अडचण समजून घ्या. तुमचा व्हिडिओ सांगतो, हिनं बस अडवली. तुम्ही सांगता, नाही अडवली. व्हिडिओही तुमचाच. ही राहतेही तुमच्याच घरी. उद्या वर विचारतील, आजीबाईंचं तेव्हाचं खरं की आत्ताचं? तर मी काय सांगू?"

"आत्ताचं खरं आहे."

"मला पटतंय हो. कागदाला पटायला पाहिजे."

बाईंनी हे वाक्य स्वतः किती जणांना ऐकवलं असेल, कोण जाणे. तनुजामॅडमनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. रिक्षावाला सापडला तर त्याला आणा म्हणाल्या. पण तो फोनवरून मिळालेला, नंबरही आता लागत नव्हता. "जबाब जोडते," त्या म्हणाल्या. "पुढं साहेब ठरवतील, नाहीतर कोर्ट. वेळ लागेल."

"हिची रुजू व्हायची मुदत आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे काकू."

टेबलावर केसची फाईल उघडी होती. सात नावं एकाखाली एक. बाईंनी त्यातलं एक नाव तेवढं पाहिलं.

बाहेर आल्यावर दोघी फूटपाथवर उभ्या राहिल्या. समोरून गाड्या वाहत होत्या, सगळं सुरळीत चाललेलं होतं. बाई म्हणाल्या, "मी वकील बघते. विश्वजीतच्या ओळखीचा कुणी असेल. नको, विश्वजीत नको. मी बघते कुणीतरी. आणि ग्रुपवरही लिहिणार आहे मी, माझ्या नावानं."

"काकू, एक विचारू?"

"विचार की."

"त्या यादीत वैजनाथ आहे. लातूरचा. आमच्या अभ्यासिकेत बसतो. त्याचंही सिलेक्शन झालंय. तो तुमच्या त्या तुकड्यात आहे, पिवळ्या शर्टातला. तो रिक्षाबिक्षा काही काढत नव्हता. तो खरंच रस्त्यावर बसला होता."

"बरं मग?"

"आदल्या दिवशी मी त्याच्या शेजारीच बसले होते, काकू. दिवसभर. घोषणा मीच देत होते." तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही आदल्या दिवशी व्हिडिओ काढला असता, आणि त्यात मी तशी असते, तर आज आला असतात का तुम्ही?"

मंदाकिनीबाईंकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. आत्ताही दोनतीन तयार होती. एक मऊसं होतं, ते त्या म्हणूही शकल्या असत्या. पण आजच्या दिवसाचं खोटं चौकीत बोलून संपलं होतं. पोरगी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. गेल्या वर्षभरात तिच्याइतकं नीट त्यांच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. त्यांना इस्त्रीच्या शर्टात उपाशी बसलेले यज्ञेश्वरराव आठवले, त्या दिवशीचा तो राग आठवला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही हेही कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसते आले."

दीपमालानं मान हलवली. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. घर सोडून जाते म्हणाली असती, तरी चाललं असतं. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"चला काकू," ती म्हणाली. "काका जेवायचे थांबले असतील."

आणि ती पुढं चालायला लागली, नेहमीसारखी, बाईंना गाठता येईल अशा बेतानं.